चाखनबाबा आणि मोहाच्या वाईनची खोली

पहिल्या भेटीत चाखनबाबांनी माझ्यादेखत चिमूटभर माती तोंडात टाकली, डोळे मिटले, दोनदा जीभ फिरवली आणि बाजूला थुंकून म्हणाले, "हे नाई चालत. आळशी माती हाये. भिंतीत उभी राहाले सांगसान त बसून जाईन."

मी तेव्हा पुण्यातली आर्किटेक्टची नोकरी सोडून गोंदियाला परतले होते आणि हातात आयुष्यातलं पहिलं स्वतंत्र काम होतं. देवरीच्या पुढे, महामार्गापासून थोडं आत, जंगलाला लागून एका शेटजींनी मोहाफुलांच्या वाईनचा कारखाना टाकला होता. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तिथे थांबावं, वाईन चाखून पाहावी, आवडली तर बाटल्या न्याव्यात, यासाठी एक खोली बांधायची होती. शेटजी तिला टेस्टिंग रूम म्हणत. ती मातीची असेल, कवेलूंची, म्हणजे कौलांची, असेल, विजेशिवाय गार राहील, असं मी त्यांना सांगितलं होतं. त्यांना ते पटलं नव्हतं, पण मातीच्या घरांचे फोटो मोबाईलवर फार पाहिले जातात असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

"मॅडम, सीधी बात," शेटजी म्हणाले. त्यांची भाषा म्हणजे गोंदियाच्या बाजारातली, अर्धी हिंदी, अर्धी मराठी. "मे महिन्यात उद्घाटन. दुपारी तीन बजे. गेस्टला पसीना आला, तर दुसऱ्या दिवशी तुमची मिट्टी हटवून काँच आणि एसी लावणार. एसीची ऑर्डर मी देऊनच ठेवतो. कॅन्सल करना तो आसान है."

म्हणजे माझं पहिलं काम उभं राहणार की पाडलं जाणार, हे पाहुण्यांच्या घामावर ठरणार होतं. घरी वडील रोज सरकारी भरतीच्या जाहिराती कापून माझ्या टेबलावर ठेवत होते. अशा वेळी कुणीतरी सांगितलं, केशोरीकडे एक म्हातारे मिस्त्री आहेत, मातीच्या कामात त्यांच्यासारखा दुसरा नाही. मी गेले आणि त्यांना जागा दाखवायला घेऊन आले, तर त्यांनी आधी जागाच खाल्ली.

मी त्यांचं मत ऐकलं, पण नमुना नागपूरच्या प्रयोगशाळेतही पाठवला. आपण शिकलेले लोक. तीन आठवड्यांनी चार पानी अहवाल आला. त्यात पुष्कळ आकडे होते आणि शेवटी लिहिलं होतं की सदर माती भिंतीसाठी अयोग्य आहे. आळशी हा शब्द नव्हता, एवढाच फरक. तोवर बाबांनी शेजारच्या गावातल्या एका बोडीचा, म्हणजे लहान तळ्याचा, उपसलेला गाळ चाखून पसंत केला होता आणि त्याच्या बारा ट्रॉल्या आणून टाकल्याही होत्या. "हे माती माय हाये," ते म्हणाले. "धरून ठेवते."

त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर असावं. पंचक्रोशीत सगळे चाखनबाबाच म्हणत. ते कोहळी समाजाचे. पूर्वजांनी गावोगाव तलाव बांधले याचा त्यांना अभिमान होता, आणि तो ते अगदी सहज, बिडी पेटवता पेटवता सांगत: "आमी पान्याले घर बांधून देनारे लोक, मॅडमबाई. पानी किती खोडीचं! रात्रंदिवस भिंत टोकरत राह्यते. त्याच्यापुढं मानूस त गरीब. कोपऱ्यात बसून राह्यते."

काम सुरू करण्याआधी बाबा तीन दिवस नुसते बसले. डोक्यावर दुपट्टा, हातात वाळक्या गवताच्या काड्या. सकाळी एका दगडावर, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी तिसऱ्या. मधूनमधून एक काडी हवेत सोडायचे आणि ती कुठे पडते ते पाहायचे. शेटजी गाडीतून आले, काच खाली करून म्हणाले, "ये बुढ़ा क्या कर रहा है?" मी म्हणाले, "अभ्यास." शेटजींनी काच वर केली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी मला हाक मारली. "आन तुहा नकाशा."

मी तो मोठ्या कौतुकाने उलगडला. पश्चिमेची अख्खी बाजू मी खिडकीची केली होती. टेकडीमागे मावळणारा सूर्य आणि त्याच्यासमोर हातात पेले घेतलेली सुखी माणसं, असं एक रंगीत चित्रही काढलं होतं.

"हे काय?"

"खिडकी, बाबा. पाहुण्यांना मावळता सूर्य दिसावा म्हणून."

"कितीक वेळ दिसन?"

"पंधरा-वीस मिनिटं."

"आन त्याच्या आंधी चार तास तो पाहुण्यायले पाहून राहीन, त्याचं काय?"

बाबांनी हातातली काडी त्या खिडकीवर टेकवली. "पश्चिमेले संडास कर. बाटल्याची कोठी कर. उन्हाले बसाचं असन त बसू दे संडासात." आणि ज्या सूर्यास्तासाठी मी तीन रात्री जागले होते, तो त्या दिवशी संडासाच्या मागे गेला.

नकाशा मात्र त्यांनी कधी वाचला नाही. कागदावर घर कळत नाही, घर पायाला कळतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी जमिनीवर चुन्याची फक्की टाकून खोल्या आखायला लावल्या आणि मला म्हणाले, "आता तू गेस्ट हायेस. नागपूरवरून आलीस. ये."

मी फक्कीच्या दारातून आत गेले. पाच मजूर काम सोडून पाहत होते.

"अशी नाई. थकून ये. तीन घंटे गाडी चालवून आलीस तू."

मी थकून आले. बाबांनी मला एका विटेवर बसवलं, हातात स्टीलचा रिकामा पेला दिला. "पे." मी प्यायले. "आता मान फिरव. काय दिसते?" मी मान फिरवली आणि माझ्या लक्षात आलं की माझ्या रचनेत पाहुण्याला पहिल्याच घोटानंतर संडासाचं दार दिसणार होतं. चार वर्षं पुण्यात मी हॉटेलांचे नकाशे काढले होते. मजूर हसले. बाबांनी पायाने फक्की पुसली, दार दोन हात सरकवलं आणि म्हणाले, "जा. परत नागपूरवरून ये." त्या दिवशी मी नागपूरहून नऊ वेळा आले.

बाबा स्वतः थेंबालाही शिवत नसत. का, असं विचारलं तर म्हणत, "माहा बाप पेत होता. आमच्या दोघायच्या वाट्याचं पेऊन गेला." त्यामुळे वाईन चाखण्याची पद्धत मी समजावून सांगितली तेव्हा त्यांना ती नवीनच होती. पेला धरायचा, हलवायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात फिरवायचा, आणि जे खरे जाणकार असतात ते घोट गिळत नाहीत, थुंकतात.

बाबांची बिडी विझली. "थुकतेत?"

"हो. म्हणजे पुढच्या वाईनची चव नीट कळते. त्यासाठी एक भांडं ठेवावं लागेल."

"पैसे देऊन घेतेत आन थुकतेत? मंग तोंडात घेतेत कायले?" त्यांना खरंच राग आला होता. "माही बुडी जनमभर पहाटपासून टोपलं घेऊन मोहफूल वेचत राह्यली. एकेक फूल. कंबर मोडून गेली तिची. आन हे थुकून राह्यले!"

बुडी म्हणजे त्यांची बायको. दुसऱ्या दिवशी पाहते तर आखलेल्या खोलीच्या कोपऱ्यातून, भिंत येणार होती तिच्याखालून, एक दगडी पन्हाळ बाहेर काढलेली, आणि तिच्या तोंडाशी आळं करून मोहाचं एक रोप लावलेलं. "थुकतीन त थुकू दे," बाबा म्हणाले. "पन झाडाले मिळाले पायजे." पुढे शेटजी हे आळं पाहुण्यांना झिरो वेस्ट म्हणून दाखवू लागले. बाबा नसताना.

भिंतींचं काम डिसेंबरात सुरू झालं. बोडीची माती, तणस म्हणजे धानाचा पेंढा, आणि शेटजींच्या राईस मिलमधला कोंडा. पायांनी तुडवून गारा करायचा, हातभर उंचीचा थर घालायचा आणि मग तो वाळेपर्यंत त्याच्या वाटेला जायचं नाही. "भिंतीले झोप द्या लागते," बाबा सांगत. चार दिवस, कधी पाच. मला त्या चार दिवसांत वेड लागायचं. शेटजींचा फोन रोज सकाळी यायचा, "कितनी हुई?", आणि मी म्हणायचे, "झोपली आहे." असं किती दिवस सांगणार?

फेब्रुवारीत बाबा नातीच्या लग्नाला केशोरीला गेले आणि आठवडाभर आले नाहीत. त्या आठवड्यात माझा धीर सुटला. कडक ऊन पडलं होतं, थर वरून अगदी कोरडा दिसत होता. मी मजुरांना सांगून दक्षिणेच्या भिंतीवर दोन दिवसांत तीन थर चढवले. मजुरांपैकी एकजण म्हणाला, "बाबाले इचारा ना मॅडम." मी म्हणाले, जबाबदारी माझी. तिसऱ्या दिवशी सकाळी भिंत मधोमध पोट सुटल्यासारखी फुगली आणि माझ्या डोळ्यांदेखत खाली बसली. आवाजसुद्धा फारसा झाला नाही. कुणाला लागलं नाही हे नशीब.

योग असा की त्याच दुपारी शेटजी आले, आणि अर्ध्या तासाने बसमधून उतरून, लग्नाची बुंदी पिशवीत घेऊन, बाबाही आले. शेटजी ढिगाऱ्यापाशी उभे राहून फोनवर एसीवाल्याशी बोलत होते. बाबांनी ढीग पाहिला. वाकून आतली ओली माती बोटांनी दाबली. मग माझ्याकडे पाहिलं.

"शेटजी," बाबा म्हणाले, "चूक माही हाये. मी लग्नाच्या घाईत सांगून नाई गेलो. मजुरायचा दोष नाई, मॅडमबाईचाबी नाई. पंधरा दिवस द्या."

शेटजी पुष्कळ बोलले. बाबा मान खाली घालून ऐकत राहिले. सत्तरी उलटलेला माणूस, ज्याची एकही भिंत कधी पडली नव्हती. शेटजी गेल्यावर मी रडले. म्हणाले, बाबा, तुम्ही का घेतलं अंगावर? त्यांनी पिशवीतून बुंदी काढली, माझ्या हातावर ठेवली.

"भिंत पडली ते बेस झालं, पोरी. आता तुले भिंत येते."

त्या दिवसापासून मी त्यांची मॅडमबाई राहिले नाही. दक्षिणेची भिंत आम्ही पुन्हा घातली. गारा तुडवायला मीही उतरले, आणि मला खोकला आला तरी बाबा मजुरांना सांगत, "हळू बोला, भिंत झोपली हाये."

उद्घाटनाचा दिवस उजाडला तो आग घेऊनच. देवरीत त्या दिवशी दुपारी कुत्रीसुद्धा गटाराबाहेर नव्हती. अडीच वाजता पाहुणे आले. नागपूरचे काही व्यापारी, गोंदियाचे काही प्रतिष्ठित, आणि नाशिकहून बोलावलेले वाईन चाखणारे एक जाणकार. शेटजींनी भिंतीवर स्वतःच्या हाताने थर्मामीटर टांगलं होतं. पावणेतीनला लाईट गेली. कारखान्याच्या ऑफिसातला एसी बंद पडला आणि तिथले सगळे लोक धावत आमच्या खोलीत घुसले. वीस जणांची जागा, पस्तीस माणसं. मी दाराशी उभी राहून एकेकाचं कपाळ पाहत होते.

जाणकारांनी पेला हलवला, नाक खुपसलं, घोट फिरवला आणि डोळे मिटून म्हणाले, "यात मला ओल्या मातीचा गंध जाणवतो."

बाबा माझ्यामागे उभे होते. मीच त्यांना झाडाखालून ओढून आत आणलं होतं. ते माझ्या कानाशी कुजबुजले, "माती त भिंतीत घातली होती. गिलासात कोनं घातली?"

मग शेटजी भाषणाला उभे राहिले, पण माईक चालत नव्हता म्हणून बसले. पाठीमागची भिंत गार. जंगलाच्या बाजूने ठेवलेल्या बुटक्या झरोक्यांतून वारा पायांवर येत होता, आणि तापलेली हवा वर कवेलूंखालच्या फटीतून निघून जात होती. बाबांनी ही योजना त्या तीन दिवसांत काड्या उडवून ठरवली होती. तीन वाजले. मी थर्मामीटर बघायला वळले तर सगळे पाहुणे दुसरीकडेच पाहत होते. शेटजी भिंतीला टेकून, हातात भाषणाचा कागद धरून, तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते. घोरत होते.

त्यांना कुणी उठवलं नाही. एसीची ऑर्डर दुसऱ्या दिवशी कॅन्सल झाली. ते सोपं होतंच.

पावसाळा गेला. दिवाळीनंतर मी मिठाईचा डबा आणि त्या खोलीचा वर्तमानपत्रात छापून आलेला फोटो घेऊन केशोरीला गेले. बाबांच्या घराची मला फार उत्सुकता होती. ज्या माणसाने असं काम केलं त्याचं स्वतःचं घर कसं असेल, याची मी बसमध्ये कल्पना करत होते. गावात विचारलं तर एका पोरीने बोट दाखवलं. समोर सिमेंटचं, स्लॅबचं, गुलाबी ऑईलपेंट मारलेलं चौकोनी घर होतं. आत पंख्याखाली बनियनवर बाबा बसले होते, कार्तिकातही घामाघूम, आणि चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"ये पोरी! पाह्य घर. नवं हाये."

मी मिठाईचा डबा हातातच धरून उभी राहिले. "बाबा, हे काय? तुम्ही? सिमेंट?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आत चुलीकडे. त्यांची सून रेखा चहा टाकत होती. मुलगा हैदराबादला कामाला, घर आणि दीड एकर धान ती एकटी सांभाळत होती.

"मी भिंत बांधतो एक डाव," बाबा म्हणाले. "पन पोताराव, मातीनं सारवाव, दर साल लागते. पावसाळ्याआंधी, पावसाळ्यानंतर, सनासुदीले. माह्या बुडीनं पोतारलं पन्नास साल. मंग इनं. दिवसभर चिखलात धानाचा रोवना करून ये आन घर पोतार. मंग म्यां इले इचारलं, तुले कसं घर पायजे? ते म्हने, ज्याले पोताराव नाई लागत. बस. तिच्या हाताचं काम, तिची पसंती."

मी फोटो पुढे केला. त्यांनी फोटो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, दूर नेला. खोली त्यात सुंदर दिसत होती. मग शांतपणे विचारलं, "हे खोली कोन पोतारते?"

पावसाने दक्षिणेच्या भिंतीचे पोपडे निघाले होते. मी ते पाहिलं होतं. "शेटजींना सांगते," मी म्हणाले. "कुणीतरी माणूस..."

"कोनीतरी नाई. नाव सांग."

माझ्याकडे नाव नव्हतं. नकाशात वाऱ्याची दिशा होती, उन्हाचे कोन होते, मातीचं प्रमाण होतं. नाव नव्हतं.

"मंग खोली अर्धीच झाली, पोरी." त्यांनी फोटो मांडीवर ठेवला. "म्यांबी अर्धीच बांधली. जनमभर अर्धीच बांधत आलो. माह्या ध्यानातच नाई आलं."

रेखा चहा घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "मी येतो पोताराले," ती म्हणाली. "चार बाया घेऊन येतो. पन मजुरी मिस्त्रीची घेईन. बाईची नाई."

बाबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. रेखाने पाठ चोळली तरी ते हसत होते. निघताना ते दारापर्यंत आले. गुलाबी भिंतीला हात टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "येजो." ती आमची शेवटची भेट.

त्याच थंडीत ते गेले. मला तीन दिवस उशिरा कळलं. तेरवीला गेले तेव्हा त्यांच्या थापीची आणि ओळंब्याची पूजा मांडलेली होती, आणि देवरीच्या कामावरचे पाचही मजूर आले होते. जेवताना एकाने मला बुंदी वाढली आणि पटकन पुढे गेला.

आता माझ्या प्रत्येक नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे मालकाचं आणि माझं नाव असतं, तिथे एक तिसरा चौकोन असतो. घराची निगा कोण राखणार. त्यात कुणाचं तरी नाव पडल्याशिवाय मी काम सुरू करत नाही. यामुळे दोन-तीन कामं हातची गेली आहेत. वडिलांनी जाहिराती कापणं पुन्हा सुरू केलं आहे.

देवरीच्या खोलीच्या चौकोनात रेखाचं नाव आहे. दर वर्षी पाऊस ओसरला की ती चार बायकांना घेऊन दोन बस बदलून येते, आणि चार दिवस खोली तिच्या ताब्यात असते. पहिल्या वर्षी शेटजी तिथे येऊन उभे राहिले आणि रंग थोडा गडद हवा, कोपरे गोल हवेत, असं सांगू लागले. रेखा शिडीवर होती. तिने वळूनही पाहिलं नाही.

"शेटजी, आंधी हात भरवा. मंग सांगा."

बायका थांबल्या. मी जमिनीकडे पाहू लागले. शेटजींनी इकडेतिकडे पाहिलं, मग बोटांतल्या चारही अंगठ्या काढून माझ्या हातात दिल्या, बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात मातीच्या बादलीत घातला. दाराशेजारची वीतभर भिंत त्यांनी मोठ्या काळजीने सारवली. रेखा शिडीवरून उतरली, तिने ती जागा बारकाईने पाहिली, ओल्या फडक्याने पुसून काढली आणि त्यांना पुन्हा करायला लावली.